हाताची राई

अहो ताई, दोरीला हात नको! लांबूनच बघा. फोटो काढा हवे तितके, पण हात नको. आणि तुम्ही दादा, त्या फांदीखालून वाकून या, टोपी अडकेल. हां. आता इथे कातळावर बसा सगळे. बूट वर घ्या. खाली काय चाललंय ते बघायची सवय शहरात राहत नाही माणसाला.

ह्या ज्या दोऱ्या दिसतात ना, ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत, साऱ्या राईभर, त्या कपडे वाळत घालायच्या नव्हेत. गेल्या महिन्यात एका पाहुण्याने ओला टॉवेल टाकला होता. मग असा नाचला म्हणता! सुंभाच्या दोऱ्या आहेत ह्या, नारळाच्या काथ्याच्या. जवळून बघा, पण हात मागे ठेवून. दोरीवरून लाल रांग चाललीय, दिसली? त्या मुंग्यांना आम्ही ओंबील म्हणतो. पानं जोडून, शिवून घरटं करते. ते वर बघा, आंब्याच्या पानांचा गोळा लटकलाय, ते तिचं घर. चावली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण ह्या राईतल्या आंब्यावर फवारा कधी मारत नाहीत. आमच्या आज्याने मारला नाही, बापाने मारला नाही. किडीचं काय ते ओंबील बघते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तिला जाता यावं म्हणून ह्या वाटा. जमिनीवरून गेली तर काळे मुंगळे तिला फाडतात, म्हणून वरून.

ह्या कोंडवण्याच्या राईला पंचक्रोशीत 'हाताची राई' म्हणतात. आता ते का, ते विचारा. तुम्ही नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे. माझं नाव भिवा. ह्या गावात जन्मलो, ह्याच झाडांवर चढलो. आता चढवत नाही, म्हणून तोंड चालवतो. तुम्हाला कळावं म्हणून तुमच्या मराठीत सांगतो. पण जुन्या माणसांचं बोलणं त्यांच्याच बोलीत सांगेन, ते मला फिरवून सांगता येत नाही.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. बंदरात गलबतं लागत होती तेव्हाची. कोंडवण्यात तेव्हा अठरा घरं होती म्हणे. भात पिकेल अशी जमीन नाही. हा असा कातळ सगळा. गाव जगायचं ते ह्या राईवर. कैऱ्या वाळवून आंबोशी करायची, पिकल्या आंब्याची साठं घालायची, गलबतवाल्यांना द्यायची आणि पावसाळ्यापुरतं भात भरून ठेवायचं. आंबा आला तर चूल पेटली. आंबा नाही तर आषाढात काय शिजवायचं?

त्या अठरा घरांतलं एक घर जिवा पाडेल्याचं. पाडेली म्हणजे झाडावर चढून फळ उतरवणारा. जिवासारखा चढणारा त्या किनाऱ्यावर नव्हता, असं सांगतात. त्याची बायको आवडू. पोरबाळ नाही, दोघंच. आवडू तोंडाची फटकळ आणि कामाला वाघ. जिवा झाडावर जायच्या आधी ती चुलीतली राख चाळून त्याच्या हातापायाला चोळायची. राखेवर ओंबील चढत नाही. हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजही आम्ही तेच करतो.

तो ओढा दिसतो? पावसाळ्यात दांडगा असतो, आता गुडघाभर आहे. त्याच्या पलीकडे, एकटाच उभा आहे तो आंबा बघा. त्याला ढोल्या म्हणतात. आताचा ढोल्या म्हणजे त्या जुन्या ढोल्याचा कितवा वंशज कोण जाणे. त्या वर्षी वैशाखात जिवा ढोल्यावर चढला. आणि त्या दिवशी त्याच्या अंगाला राख नव्हती.

का नव्हती, ते गावाला माहीत नव्हतं. एवढंच माहीत की वरच्या फांदीवर त्याचा हात घरट्यात गेला, ओंबील त्याच्या डोळ्यांत शिरली, आणि डोळे पुसायला त्याने दोन्ही हात सोडले. खाली खडक. तिसऱ्या दिवशी जिवा गेला.

तेरावं झालं आणि आवडू सातेरीच्या देवळात येऊन उभी राहिली. आमची गावदेवी सातेरी. गावाचा मुख्य होता राणोजी गावकर. त्याच्यासमोर तिने पदर पसरला. "माझो घोव ह्यांनी खाल्ल्यानी. राईतली एक-एक ओंबील जाळून टाका. एकय ठेवू नकात." सगळ्यांना तिची दया आली. आणि खरं सांगू? सगळ्यांना तेच हवं होतं. आंबे उतरवताना प्रत्येकाला चावलेली होती ती. प्रत्येकाच्या मनात राग होता.

पण देवीला विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. कौल लावायचा. म्हणजे देवीच्या पाषाणावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि विचारतात, हे करू का? उजवी पाकळी पडली तर हो. गुरवाने पाकळ्या लावल्या. पडेना. पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा विचारलं. पडेना. तीनदा विचारलं, तीनदा देवी गप्प. आता शहाण्या माणसाने काय करावं? उठावं, घरी जावं. पण नाही! अठरा घरांची माणसं तिथेच बसून राहिली. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. दारातून ऊन आत आलं, पाषाण तापला आणि पाकळी वाळून पडली. "दिलो कौल! दिलो कौल!" म्हणून ओरडली सगळी. अरे, वाळलेली पाकळी पडणार नाही तर काय करणार? कौल कसला डोंबलाचा! आणि आमची सातेरी म्हणजे काय, ठाऊक आहे? वारूळ. देवळाच्या गाभाऱ्यात वारूळ आहे, त्याच्यापुढेच तो पाषाण. वारुळाच्या देवीपुढे बसून ह्या लोकांनी मुंग्या जाळायची परवानगी घेतली. मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून गावाने चुडी पेटवल्या. चूड म्हणजे सुक्या झावळीची मशाल. लांब बांबूला बांधायची आणि घरट्याला लावायची. प्रत्येक घरातून एक चूड. सगळ्यांत पुढे आवडू. तीन दिवस राई धुमसत होती. जळकी घरटी खाली पडायची आणि बायका ती काठीने फोडून आतली पांढरी अंडी पायाखाली चिरडायच्या. तिसऱ्या दिवशी राईत ओंबील औषधाला राहिली नाही.

एक ढोल्या मात्र राहिला. ओढ्यापलीकडे, जिथे जिवा पडला, तिथे पाय ठेवायला आवडू धजेना. आणि तिच्या आधी तिथे जाणं बाकीच्यांना बरं वाटेना. कंटाळले होते सगळे. एका झाडाने काय होतं, म्हणाले आणि घरी गेले.

त्या वैशाखात उरलेला आंबा उतरवताना मजाच मजा. राख नको, चावणं नको. पाडेली गाणी म्हणत चढत होते म्हणे.

पुढल्या पौषात राई मोहरली. असा मोहोर की पान दिसेना. आणि मग एके सकाळी राईत शिरलेल्या बायका डोक्यावर पदर घेऊन परत आल्या. वरून काहीतरी बारीक, चिकट पडत होतं. पानांना हात लावावा तर बोटं चिकटत. मोहोरावर तुडतुडे बसले होते. एक माणूस झाडाखालून चालत गेला की चरचर असा आवाज करून उठायचे आणि पुन्हा बसायचे. पंधरा दिवसांत त्या चिकट्यावर काजळी धरली. मोहोर काळा पडला, गळला. जी पानं वाचली, ती अळीने गुंडाळली. खोडांतून भुसा गळायला लागला, म्हणजे आत भिरूड शिरलेली. भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी, झाड बाहेरून उभं आणि आतून पोकळ.

गावाने काय नाही केलं? झाडाखाली लिंबाच्या पाल्याचा धूर केला. गोमूत्र शिंपडलं. पोरीबाळी फडकी घेऊन मोहोर झाडत बसल्या. दहा झाडं असती तर जमलंही असतं. पण राई केवढी, बघताय ना! फाल्गुनात झाडांवर मोजून दाखवावा इतकाही आंबा नव्हता. गलबतं आली, दोन दिवस थांबली आणि रिकामी गेली. गाव समोर पावसाळा बघत बसलं होतं. घरात भाताचा दाणा नाही. माणसं रानात करांदे खणायला लागली. ते कडू कंद, सात पाण्यांत उकडावे लागतात. राणोजीची म्हातारी आई त्याच दिवसांत गेली. भुकेने गेली असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

वैशाखात जिवाचं वर्षश्राद्ध आलं. आवडूच्या घरात पान वाढण्यापुरतं काही नव्हतं. करांद्याचेच चार तुकडे द्रोणात घेऊन ती वर्षभरात पहिल्यांदा ओढा ओलांडून गेली. जिथे तो पडला तिथे घास ठेवावा म्हणून. खडकावर द्रोण ठेवला आणि वर बघितलं.

ढोल्या आंब्यांनी वाकला होता.

पानं हिरवीगार, एकाला चिकटा नाही. खोड कोरडं, भुसा नाही. आणि फांदीफांदीवरून ओंबील धावत होती. चार जणी मिळून एक तुडतुडा ओढत नेत होत्या. दुसऱ्या दोघी एक अळी ओढत होत्या, ती त्यांच्या दसपट मोठी. आवडू तिथेच बसली. घास कावळ्याने नेला का, तेही तिने बघितलं नाही. दिवस मावळेपर्यंत ती वर बघत होती. आपण काय केलं ते तिला त्या दिवशी कळलं.

आता बघा, ती गप्प बसली असती तर? कोणाला कळणार होतं? देवीचा कोप म्हणून गावाने कुठल्यातरी बोकडाचा बळी दिला असता. पण ती सरळ राणोजीच्या अंगणात गेली, गाव जमवलं आणि सगळं सांगितलं. जे दिसलं ते सांगितलं. ओंबील होती म्हणून राई होती, म्हणाली. ती मी जाळायला लावली.

आणि गाव तिच्यावर उलटलं. उपाशी माणसांना कोणीतरी हवंच होतं. राणोजी सर्वांत कडाडला. त्याची आई नुकतीच गेली होती. "तुझ्या सांगण्यान जाळलव. आता तूच आण. देवदिवाळीपातूर राईत ओंबील दिसाक व्हयी. नायतर ह्या गावात तुझी चूल पेटाची नाय." देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्षाचा पहिला दिवस. त्यानंतर मोहोर कधीही फुटतो. कोणी म्हटलं नाही की बाबांनो, चूड आमच्याही हातात होती. अठरा घरांतल्या एकालाही ते आठवलं नाही.

गाव सुटलं म्हणजे काय, हे तुम्हाला आज कळायचं नाही. तिचं माहेर केव्हाच संपलेलं. एकट्या विधवा बाईला दुसऱ्या गावात कोण उभं करणार? आणि जिवा इथल्याच मातीत. तिला हेच गाव होतं.

आवडू कामाला लागली. आधी तिने ढोल्यावरची दोन घरटी पानांसकट कापली, टोपलीत घालून राईत आणली. दोन दिवसांत मुंगळ्यांनी फडशा पाडला. पुन्हा आणली, झाडावर उंच बांधली. चार दिवस फिरली आणि विरून गेली. राणी नव्हती ना त्यांत! राणी कुठल्या घरट्यात ते बाहेरून कसं कळणार? उरलेली घरटी अशीच कापत राहिली असती, तर ढोल्याही रिकामा झाला असता. तिसऱ्यांदा कोयता उचलला आणि तिने तो खाली ठेवला. तिला समजलं की ओंबील उचलून आणता येत नाही. ती आपल्या पायांनी, राणीला घेऊन, आली तरच राहील.

मग वाट हवी. ढोल्याच्या फांदीपासून ओढ्यावरून राईतल्या पहिल्या आंब्यापर्यंत. तिने दोर वळायला घेतला. गावातून कोणी तिला नारळाचं सोडण देईना, तर खाडीच्या चिखलात वाहून आलेली सोडणं तिने गोळा केली, ठेचली, काथ्या काढला. पावसाळाभर वळत होती. हातांची सालं निघाली म्हणतात. दसरा गेला, दिवाळी गेली. कार्तिकात दोर बांधून झाला. एक टोक ढोल्याला, एक टोक ह्या बाजूच्या आंब्याच्या पुढे आलेल्या फांदीला. दोर असा ताठ की पाण्याला लागू नये. राईच्या टोकाला तिने सुकी मासळी बांधली. ओंबिलीला मासळी आवडते.

पहिले दिवस काहीच नाही. एखादी यायची, अर्ध्या दोरावरून परत जायची. आवडू ओढ्याकाठी बसून असायची. गाव येता-जाता बघायचं. काही जण हसायचे. राणोजी रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा आणि दोर बघून जायचा.

देवदिवाळीची सकाळ उजाडली. देवळात ढोल वाजायला लागले आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "इली! इली!" गाव देवळातून उठून ओढ्याकडे पळालं. ढोल्याच्या टोकापासून दोर लाल झाला होता. एक-दोन नव्हे, सगळं वारूळच निघालं होतं म्हणा. तोंडात पांढरी अंडी धरलेल्या, आणि मध्ये घोळक्यात राणी, हिरवट, बोटाच्या पेराएवढी. आवडू ओढ्याच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून बघत होती. श्वाससुद्धा घेत नव्हती. रांग दोराच्या मध्यावर आली, मध्य ओलांडला.

आणि राईकडची फांदी कडाडली.

भिरुडीने आतून पोखरली होती ती. बाहेरून बरी दिसत होती, म्हणून आवडूने तिलाच दोर बांधला होता. दवाने भिजलेल्या दोराचं ओझं तिला पेललं नाही. फांदी मोडली, दोर सुटला. आणखी अर्धा क्षण, की राणीसकट सगळी ओंबील पाण्यात. कोंडवण्यात दुसरीकडे ओंबील उरलेली नव्हती.

आवडूने झेप घेतली आणि दोराचं टोक मुठीत धरलं. ताणून धरलं. पाण्यातल्या खडकावर पाय रोवला. दुसरा हात वर करून तिने आंब्याची शाबूत फांदी पकडायचा प्रयत्न केला. बोटं पोचली, फांदी हातात आली. आता दोर तिच्या डाव्या मुठीत आणि आंबा तिच्या उजव्या हातात. मध्ये ती. वाट तुटली होती तिथे आवडू उभी होती.

पहिली ओंबील तिच्या मुठीवर चढली.

लोक काठावर उभे. कोणी हालेना. राणोजीची बायको राखेचं सूप घेऊन धावत आली, म्हणाली, "आवडू, हाताक राख लावतंय गो!" आवडू म्हणाली, "राख नको. राखेवरसून ती जावची नाय. परत फिरतली." आणि मग, डोळे मिटून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ती बोलली. "त्या दिवशी जिवान राख मागितल्यान. आमचा भांडाण झालेला. मी राख देऊक नाय. चुलीतली सगळी गोठ्यात नेऊन टाकलंय." दीड वर्ष तिच्या पोटात होतं ते. ओंबिलीवर एवढा राग का होता, ते गावाला तेव्हा कळलं.

मुठीवरून मनगट, मनगटावरून दंड. शांत उभं राहिलं तर ओंबील सगळीच चावत नाही. पण काही चावतातच. आणि चावली की हात झटकावासा वाटतो, तो आपल्या मनावर नसतो. ह्या इथल्या कोणालाही विचारा. तिने झटकला असता तर संपलं होतं. दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर, गालावरून, मिटलेल्या पापण्यांवरून. डोळ्यांत ओंबील शिरली म्हणून जिवाने हात सोडले होते, आता हिच्या डोळ्यांवरून ओंबील चालली होती. आणि आवडूचे दोन्ही हात बांधल्यासारखे होते.

कोणीतरी दोर आणला. दुसरा दोर जोडला की ती सुटली असती, एवढंच काम होतं. पण जोडायचा तर तिच्या मुठीशी हात न्यायला हवा, आणि मुठीवर नुसती उसळत होती ओंबील. एकमेकांकडे बघायला लागले. मग राणोजीने दोर घेतला. गावाचा मुख्य ना तो! पाण्यात उतरला. तिच्यापासून चार हातांवर पोचला. तिच्या अंगावरून खाली सांडलेल्या काही ओंबिली खडकावर होत्या, त्यातल्या दोन-तीन त्याच्या पायावर चढल्या. चावल्या.

राणोजीने पाय मागे घेतला.

दोर तसाच हातात घेऊन तो काठावर परत आला. आवडूने डोळे किलकिले करून ते बघितलं, असं सांगतात. ढोल थांबले होते. सूर्य वर येत होता. बायका रडत होत्या, पण पाण्यात कोणी उतरलं नाही. राणी तिच्या दंडावरून गेली. तेव्हाही हात हलला नाही. सकाळपासून ऊन कलेपर्यंत ती उभी होती. शेवटची ओंबील तिच्या बोटावरून फांदीवर चढली, तेव्हा तिने तोंड उघडलं. "आता बांधा," म्हणाली.

तेव्हा धावले सगळे! तेव्हा पाणी कोणाला थंड लागलं नाही. दोर बांधला, तिला उचलून आणली. डावी मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. दोन्ही हात काळेनिळे, सुजून कुंभाएवढे. नऊ दिवस ताप.

आता इथे गोष्टीला दोन वाटा आहेत. पलीकडल्या वाडीतले लोक सांगतात की नवव्या दिवशी आवडू गेली आणि देवी झाली. मी त्यांना सांगतो, गप बसा. मेली म्हणणं सोयीचं असतं. मेलेल्या बाईची घुमटी बांधावी, वर्षातून एकदा नारळ फोडावा, झालं. आवडू जगली. म्हातारी होऊन, दात पडून मेली. जगली म्हणून तर पुढचं घडलं.

त्या वर्षी गावाने झाडाझाडांत दोऱ्या बांधल्या आणि राईत ओंबिलीची तेवीस घरटी झाली. मोहोर टिकला. आंबा पुरता नाही, पण निम्मा आला, आणि त्यापुढच्या वर्षी भरपूर. गलबतं भरून गेली. मग राणोजी आणि सगळं गाव आंब्यांची पाटी आणि नवं लुगडं घेऊन आवडूच्या दारात गेलं. तुझी ओढ्याकाठी घुमटी बांधतो, म्हणाले. दरवर्षी पूजा करू.

आवडूने पाटीला हात लावला नाही. तिने विचारलं, "माझी घुमटी बांधू नकात. माका सांगा, चूड कोणाकोणाच्या हातात होती?"

शेवटी गुरव म्हणाला, अठराही घरांच्या.

"मगे हात पण अठरा घरांचे व्हये," आवडू म्हणाली.

एवढंच. त्या वर्षीच्या देवदिवाळीला पहिल्यांदा ते झालं. दोऱ्या नव्या बांधायच्या आधी, प्रत्येक घरातल्या एकाने राईत यायचं, बाही वर करायची, आणि जुन्या दोरीचं टोक आणि झाडाची फांदी ह्यांच्यामध्ये आपला हात धरायचा. राख न लावता. शंभर ओंबिली हातावरून पलीकडे जाईपर्यंत. मोजायला आवडू स्वतः बसली होती म्हणे, आणि तिच्याकडून एकही आकडा सुटत नव्हता. ज्या घराचा हात आला नाही, त्या घराच्या झाडाला दोरी नाही.

आजही देवदिवाळीला अठरा घरांचे हात होतात; आवडूला पोरबाळ नव्हतं, तिच्या घराचा हात गाव पाळीने देतं. लग्नाला परगावी गेलेला असो की मुंबईत नोकरीला, त्या दिवशी घरातला एक जण इथे हजर. शंभर मोजतात. काही पोरं पटकन मोजतात, तर म्हातारे पुन्हा मोजायला लावतात.

सतरा घरांना शंभर. एका घराला आकडा नाही. राणोजीच्या घरातल्या माणसाने हात धरायचा तो सगळी रांग ओसरेपर्यंत. आवडूनेच तसं ठरवलं होतं. आणि त्या घराचा माणूस उभा राहिला की गाव त्याच्या हाताकडे बघत नाही. पायाकडे बघतं.

मी राणोजीच्याच घरातला. भिवा गावकर. एकोणपन्नास वेळा उभा राहिलोय. दरवर्षी वाटतं, आता पाय मागे घ्यावा, कोण काय करणार आहे? पण आपल्या घराण्याची ती लाज आहे, आणि ती माझ्याआधी कितीक जणांनी अशीच उभं राहून सोसली. कशी टाकायची?

गेल्या वर्षी मला झटका आला. हा डावा भाग बघा, गेलाय. मुलगा बोटीवर, भर समुद्रात. देवदिवाळी आली आणि आमच्या घरातून उभं राहायला कोणी नाही. मी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड करून होतो. सून आली. प्रमिला तिचं नाव, घाटावरची, सातारकडची. लग्न होऊन सहा महिने झालेले. ओंबील तिने तोपर्यंत लांबूनसुद्धा नीट बघितलेली नव्हती. म्हणाली, "मामा, मी जाते." मी म्हटलं, पोरी, हे तुझं पाप नव्हे गं. तर म्हणते, "आंबे मीपण खाल्लेत की."

खुर्चीत बसवून नेलं मला राईत. तिने बाही वर केली. गाव जमलेलं, सगळ्यांच्या नजरा खाली, तिच्या पायांवर. रांग संपेना. मोठी होती गेल्या वर्षी. पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ओठ चावून रक्त आलं होतं. मी देवीला हाक मारत होतो, आणि मीसुद्धा, काय सांगू, तिच्या तोंडाकडे न बघता पायांकडेच बघत होतो.

तिचा पाय हलला नाही.